दोन चमचे दूध

भाविकाचा फोन आला तेव्हा बेबाबाई गच्चीवर बिबडे घालत होती. मार्चचं ऊन चटके देत होतं. ओल्या धोतरावर ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे गोल थापायचे काम. हात थांबला की पीठ आवळून येतं. म्हणून तिनं फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला आणि थापणं चालूच ठेवलं.

"माय, सकाळी पट्टीवर तपासलं. दोन रेघा आल्या," शिरपूरहून भाविका म्हणाली.

बेबाबाईचा हात थांबला.

"माय? ऐकते ना?"

"ऐकते वं. तुनी तब्येत ठीक शे ना?"

"ठीक आहे. हितेंद्र तर सकाळपासून नुसता हसतोय. ड्युटीवर पण उशिरा गेला."

"बरं झालं माय. मी येते दोन दिवसांनी."

फोन ठेवला आणि उरलेलं पीठ तसंच सोडून ती खाली आली. हात धुतले, तांब्याभर पाणी प्यायली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. लेकीला दिवस गेले म्हणजे आईनं आधी देवापुढं साखर ठेवायची, मग शेजारी सांगायचं. तिला ते माहीत होतं. पण छातीत एक जुना दगड होता तो हलला होता, आणि तो जागेवर बसेपर्यंत तिला उठवेना.

तो दगड वीस वर्षांचा होता. तिचा नवरा रतिलाल केळीचे ट्रक घेऊन दिल्लीकडे जायचा. एका पावसाळ्यात खोकत परत आला तो पुन्हा गाडीवर चढलाच नाही. एचआयव्ही हे नाव बेबाबाईनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याच्या पाठोपाठ तिचं रक्त तपासलं, मग चार वर्षांच्या भाविकाचं. दोघींचं तेच निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरनं कागदावरून नजर न काढता विचारलं होतं, "पोरीला किती दिवस पाजलंत?"

"अडीच वर्षं," बेबाबाईनं सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं, कारण पोर गुटगुटीत होती आणि आळीत सगळे तिच्या दुधाचं कौतुक करायचे.

"दुधातूनही जातं," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढं रतिलाल गेला. भावकीनं तिची भांडी वेगळी केली, आणि सात-आठ वर्षांनी कुणी काही न बोलता परत एकत्रही केली. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. आधी तिच्या, मग भाविकाच्या. पोर वाढली, बारावी झाली, पहूरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. सगळं मागं पडलं. ते एक वाक्य तेवढं मागं पडलं नाही. भाविकाला तिनं ते कधी सांगितलंही नाही.

हितेंद्रला तर ती तो सहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. तो शिरपूरचा, पण आईबाप दोघंही लवकर गेल्यावर जामनेरला मामाकडे वाढला. मामा त्याला दर महिन्याला जळगावच्या एआरटी सेंटरवर, जिथं या सरकारी गोळ्या मिळायच्या तिथं, आणायचा. तिथल्या बाकावर तो आणि भाविका शेजारी शेजारी बसायचे, आणि कडू औषध कोण तोंड वाकडं न करता पितं याची पैज लावायचे. मोठा झाल्यावर तो बापाच्या घरी शिरपूरला परतला आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. आणि एके दिवशी मामाला घेऊन पहूरला बेबाबाईच्या दारात उभा राहिला. मागणी घालायला आलेल्या माणसानं बोलायचं ते सगळं मामा बोलला. हितेंद्र एकच वाक्य बोलला, "मावशी, आमच्यात लपवायचं काहीच नाही, हे किती सोपं आहे." लग्नानंतर बेबाबाईनं त्याला चार दिवस जावईबापू म्हणून पाहिलं. जमेना. मग परत हितेंद्र.

सातव्या महिन्यात भाविका माहेरी आली. तिची औषधं जळगावला वळवून घेतली, आणि मायलेकी पुन्हा त्याच सेंटरवर जाऊ लागल्या, जिथं भाविकाची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मोजली जायची. आता भिंतीला नवा रंग होता. समुपदेशक ज्योतीताई मात्र त्याच होत्या, केसांत थोडी चांदी आलेल्या. बेबाबाईपेक्षा वयानं लहान, पण तिला हक्कानं रागवायच्या.

सप्टेंबरमध्ये भाविकाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ज्योतीताईंनी तो दोघींसमोर ठेवला.

"विषाणू इतका कमी की मशीनला सापडतच नाही. शाबास. एकही दिवस गोळी चुकवली नाहीस ना?"

"उलट्या होत होत्या तेव्हा पण नाही," भाविका म्हणाली. "एकदा गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली, तर परत घेतली."

"मग बाळ चांगलं येणार. आल्यावर त्याला सहा आठवडे औषधाचं सिरप. सहाव्या आठवड्यात टाचेचं रक्त घेऊ, मग सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि दीड वर्षानं शेवटचं. आणि दूध तुझंच. पहिले सहा महिने फक्त तुझंच. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही, वरचं दूध तर मुळीच नाही."

बेबाबाई ताठ झाली. "ताई, अंगावरचं कसं काय? डब्याचं देऊ ना आपण."

"डब्याचं द्यायचं तर सहा महिने फक्त डब्याचंच, उकळलेलं पाणी, स्वच्छ भांडी, दर दोन-तीन तासांनी. काही घरांना ते जमतं. पण दोन्ही मिसळायचं नाही. वरच्या दुधानं बाळाच्या आतड्याला बारीक इजा होते, आणि मग विषाणूला वाट मिळते. भाविकाच्या अंगात विषाणू जवळजवळ नाही, आणि आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. ठरवायचं तिनं."

"मी पाजणार," भाविका म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

बेबाबाई घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली. लेकीनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही, डोकं दुखतं," ती म्हणाली.

दिवाळी तोंडावर असताना भाविकाच्या कळा सुरू झाल्या. जळगावच्या सरकारी दवाखान्यात पोहोचायला तास लागला, आणि पुढं चार तासांत मुलगी झाली. काही वेगळं झालं नाही. इतर बायांसारखीच खाट, इतरांसारखीच नर्स. तिनं बाळ पुसलं, वजन केलं, दोन किलो नऊशे, आणि बेबाबाईच्या ओंजळीत दिलं. "घ्या आजी. आवाज बघा हिचा, पार गेटपर्यंत जातोय." बेबाबाई त्या नर्सच्या चेहऱ्याकडे बघत होती. कुठं आखडलेपण दिसतं का म्हणून बघत होती. दिसलं नाही. नर्सला घाई होती, पलीकडची बाई कळा देत होती.

तासाभरात बाळ छातीशी लागलं. भाविकानं डोळे मिटले. हितेंद्र दाराशी उभा होता. तो शिरपूरहून मोटरसायकलवर आला होता, भुवयांवर धूळ होती. बेबाबाई उठली आणि चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. तिला ते बघवत नव्हतं.

घरी आल्यावर दिवस चांगले गेले. डिंकाचे लाडू झाले, शेपूची भाजी झाली, बाजरीची भाकरी तुपात चुरून झाली. ठरल्या वेळी सिरप द्यायचं काम बेबाबाईनं स्वतःकडे घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर वेळेला एक टिंब काढलं. शेजारपाजारच्या बाया बाळ बघायला यायच्या आणि बाळ बापावर गेलंय की आजीवर यावर वाद घालायच्या. हितेंद्र दर रविवारी यायचा, बाळाला मांडीवर घ्यायचा आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. काय म्हणतो ते कुणाला सांगायचा नाही.

फक्त बाळ पाजायची वेळ झाली की बेबाबाईला घरात काम निघायचं. आणि मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीमागं, जामनेरच्या बाजारातून आणलेला दूध-पावडरचा डबा होता. कापडात गुंडाळलेला.

पंधराव्या दिवशी दुपारी भाविका न्हाणीत होती. बाळ उठलं आणि रडायला लागलं. बेबाबाईनं पाळणा हलवला, उचलून खांद्यावर घेतलं, अंगणात फिरवलं. रडं थांबेना. भुकेचं रडं तिला कळत होतं. तिनं डबा काढला. पाणी उकळलं होतं, कोमट करून घेतलं, डब्यावर लिहिल्याप्रमाणे माप टाकून ढवळलं. वाटी-चमचा गरम पाण्यातून काढला. मांडीवर बाळाला घेऊन तिनं एक चमचा दिला. बाळानं ओठ मिटले, चाखलं, गिळलं. तिनं दुसरा दिला.

"माय."

भाविका दारात उभी होती. ओल्या केसांवरून पाणी गळत होतं. तिनं वाटी पाहिली, मग ओट्यावरचा डबा.

"किती दिलं?"

"दोन चमचे. फक्त..."

भाविकानं बाळ ओढून घेतलं. इतक्या जोरात, की बाळ दचकून पुन्हा रडायला लागलं. "ताईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं! तुझ्यासमोर! मी एक महिना नाही, एक दिवस नाही, एक गोळी नाही चुकवली. उलटीतून गोळी परत घेतली. आणि तू..." तिचा आवाज फाटला. "तुला माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुनावर शे. तुनावर शे माय."

"मग कशावर नाही?"

बेबाबाईच्या हातात चमचा तसाच होता. ती त्याच्याकडे बघत बोलली, अगदी हळू.

"मना दूधमुळे तुले हाई व्हयनं. अडीच वर्ष पाजलं मी तुले. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मोठ्या तोऱ्यानं सांगितलं, अडीच वर्ष. तेव्हापासून... तू गोळी घेतेस ना सकाळी, तर मी रोज तिकडं पाठ करते. तू कधी पाहिलं नसशील. सासरी गेलीस तेव्हा एवढंच सुख वाटलं, की आता डोळ्यांसमोर तर नाही."

बाळाचं रडणं चालूच होतं. भाविका खाली बसली, भिंतीला टेकली आणि बाळाला छातीशी घेतलं. रडणं एकदम थांबलं.

"मी पाहिलंय," भाविका म्हणाली. "तू पाठ करायचीस ते. मला वाटायचं, तुला माझी किळस येते."

बेबाबाईनं मान वर केली. असं काही तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "काय बोलतेस? किळस? तुनी?"

"लहान होते ना. लहानपणी काय कळतं. नंतर कळलं, की किळस नाही, दुसरंच काहीतरी आहे. पण काय ते कधी कळलं नाही. विचारायची भीती वाटायची." भाविकानं बाळाचं डोकं सावरलं. "आणि दुधानंच झालं हे कुणी सांगितलं तुला? पोटात असताना होतं, बाळंतपणात होतं. माझं कधी झालं ते कुणालाच माहीत नाही. तुला तर तेव्हा तुझंच माहीत नव्हतं. कुणी तपासलं होतं तुला? कुणी गोळी दिली होती?"

"नाही."

"मग? मला सगळ्या औषधांसकट दिवस गेले. तुला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. एवढा फरक आहे, माय."

बेबाबाई तोंडावर पदर घेऊन रडली. वीस वर्षांत असं रडली नव्हती. रतिलाल गेला तेव्हाही बाया भोवती होत्या म्हणून मोजूनमापूनच रडली होती. भाविका तिला गप्प हो म्हणाली नाही. एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं तिनं आईच्या हातातला चमचा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी बाळाला घेऊन जळगावला गेल्या. ज्योतीताईंना सांगायचं कुणी, यावर गाडीत बोलणं झालं नाही. पण खुर्चीवर बसल्या बसल्या बेबाबाईच म्हणाली, "ताई, चूक माझी. मी पोरीला दोन चमचे डब्याचं दिलं."

ज्योतीताईंनी बाळाला बघितलं, शी-शू विचारली, आणि मग म्हणाल्या, "दोन चमच्यांनी जगबुडी नाही. भाविकाच्या अंगात विषाणू सापडत नाही, बाळाला सिरप चालू आहे. पण आता नाही. एक थेंब नाही."

"नाही."

"अक्का, एक विचारू? तुम्ही किती वर्षं गोळी घेताय?"

"अठरा-एकोणीस."

"मागच्या सहा वर्षांत तुमच्या तपासणीत विषाणू सापडला? नाही. गोळी तुमच्यात काम करते हे तुम्ही मानता. रोज सकाळी न चुकता घेता ती काय उगाच? मग तीच गोळी लेकीच्या अंगात काम करत नाही असं कसं?"

बेबाबाईनं यावर विचार केला. खरंच केला, उत्तर द्यायची घाई केली नाही. तिच्या डोक्यात लेकीची गोळी आणि स्वतःची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. स्वतःची म्हणजे जगणं. लेकीची म्हणजे गुन्ह्याची खूण. एकाच कारखान्यातून, एकाच खिडकीतून मिळणाऱ्या गोळ्या.

"बरोबर शे," ती शेवटी म्हणाली. "खरंच बरोबर शे."

डबा त्यांनी परत आल्यावर गावातल्या चहावाल्याला देऊन टाकला. त्यानं त्याची बर्फी करून पाहिली आणि दोन तुकडे पाठवले. फारशी चांगली झाली नव्हती.

त्या दिवसापासून बाळ प्यायला लागलं की बेबाबाई तिथंच बसायला लागली. पहिले दोन-तीन दिवस मन घट्ट करून बसायची. मग तिला मौज वाटायला लागली. दूध पिताना बाळ डाव्या हाताची बोटं उघडमीट करायचं, जणू कुणाला तरी बोलावतंय. भाविकाही अशीच करायची. हे बेबाबाई पार विसरून गेली होती. त्या अडीच वर्षांतलं चांगलं असं तिनं काहीच आठवायचं नाही ठरवलं होतं. आता एकेक आठवत गेलं आणि ती ते लेकीला सांगत गेली. तू पाय असा माझ्या पोटावर ठेवायचीस. तुला उजवीकडंच आवडायचं. तुझा बाप गाडीवरून आला की तू दूध सोडून त्याच्याकडं बघायचीस. भाविकाला बापाबद्दल एवढं कधी कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात, सहाव्या आठवड्यात, बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले. बाळ रडलं, हितेंद्र बाळापेक्षा जास्त कासावीस झाला. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होता, रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे. ते आठवडे सोपे गेले असं कुणी म्हणणार नाही. हितेंद्र रोज फोन करून विचारायचा, आला का, आणि भाविका रोज चिडायची. बेबाबाईनं त्या दिवसांत दोघांसाठी इतकं रांधलं, की शेवटी भाविका म्हणाली, "माय, मी बाळंतीण आहे, वऱ्हाड नाही."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ज्योतीताईंचा फोन आला. हितेंद्र योगायोगानं तिथंच होता, भरताची वांगी काड्यांवर भाजत होता. भाविकानं फोन घेतला, ऐकलं, "हो ताई, हो," म्हणाली आणि फोन खाली ठेवला. मग दोघांकडं बघून नुसती मान हलवली. हसत होती म्हणून कळलं. हितेंद्र चुलीपाशी उकिडवा बसलेला, तसाच बसून राहिला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. बेबाबाई त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो जामनेरहून मामाचं बोट धरून यायचा तेव्हा ठेवायची तसा.

"वांगे जळी ऱ्हायने," ती म्हणाली.

जळलेल्या वांग्यांचं भरीत झालं. तिखट जरा जास्त पडलं, पण कळण्याच्या भाकरीबरोबर तिघांनी ते संपवलं.

मार्चमध्ये भाविका शिरपूरला परत गेली. बाळाचं नाव भूमिका ठेवलं. सहा महिने झाल्यावर तिनं पहिली भाताची पेज खाल्ली आणि अर्धी बापाच्या शर्टवर थुंकली. वर्षाची झाल्यावर भाविकानं तिचं पाजणं हळूहळू बंद केलं. मधल्या दोन्ही तपासण्या तिथंच झाल्या, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. दीड वर्षाची शेवटची तपासणी ठरली तेव्हा बेबाबाई जळगाव, चोपडा करत शिरपूरला गेली.

मे महिना होता. तिथल्या एआरटी सेंटरमधला पंखा आवाज जास्त आणि वारा कमी देत होता. तिथले समुपदेशक भूषण सर तरुण होते. भूमिका एका जागी बसत नव्हती. तिनं टेबलावरचा शिक्का घेतला आणि स्वतःच्या पायावर मारून घेतला.

"अर्धा तास थांबा," सर म्हणाले.

थांबले. हितेंद्र बाहेर चकरा मारत होता. भाविका आणि बेबाबाई बाकावर बसल्या होत्या, आणि भूमिका त्या दोघींच्या गुडघ्यांना धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होती. बेबाबाईला नवल वाटलं, की तिच्या छातीत काही हलत नव्हतं. दगड कधी गेला ते कळलंच नव्हतं. ती बसल्या बसल्या नातीच्या केसांना तेल कधी लावलं होतं ते विचारत होती.

सरांनी आत बोलावलं. "निगेटिव्ह. आणि हे शेवटचं. हिचं कार्ड बंद. आता हिला इथं आणायची गरज नाही."

"बठ्ठं संपलं?" बेबाबाईनं विचारलं.

"हिचं संपलं, आजी. आईबाबांच्या गोळ्या चालू राहतील. तुमच्याही."

"त्या तर चालूच ऱ्हातीन. त्यांचं काय."

भाविकानं स्वतःचा आणि हितेंद्रचा पुढच्या तीन महिन्यांचा साठा खिडकीतून घेतला, पिशवीत नीट ठेवला. बाहेर हितेंद्रनं भूमिकाला खांद्यावर बसवलं. तिचे पाय त्याच्या छातीवर आपटत होते, पायावर जांभळा शिक्का होता. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुणी नव्हतं.

"माय, आजच्या गाडीनं जाऊ नको," भाविका म्हणाली. "आठ दिवस राहा."

"आठ नाही. चार."

"पाच."

"बरं, पाच," बेबाबाई म्हणाली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, नातीच्या डोक्यावर रुमाल टाकला आणि सावलीच्या बाजूनं त्यांच्याबरोबर चालायला लागली.